परब सिस्टरांचं शवागार

परब सिस्टरांनी पहिल्या भेटीत मला नाव विचारलं नाही, वजन विचारलं.

मी औशाहून नोकरीसाठी मुंबईत आलो होतो. आमच्या घराण्यात पदवी घेतलेला मी पहिलाच. त्यामुळे गावानं सत्कारात बांधलेला फेटा तसाच घडी करून बॅगेत आणला होता. लालबागच्या एका चाळीत, तळमजल्यावर, एका बाईंकडे झोपण्यापुरती जागा मिळेल असं कार्यालयातल्या एकानं सांगितलं होतं. दारात जाऊन उभा राहिलो. साठी ओलांडलेल्या एक बाई गाऊनवर ॲप्रन बांधून जमिनीवर बसल्या होत्या. मांडीवर मोटारसायकलचं चाक होतं आणि हातात पोहे खायचा चमचा. चाकाच्या एकेका स्पोकवर त्या चमचा वाजवत होत्या, मान तिरकी करून आवाज ऐकत होत्या आणि समोरच्या टीव्हीवरच्या मालिकेतल्या सासूला शिव्याही देत होत्या.

"नमस्कार. आपल्याकडे राहण्याची व्यवस्था होऊ शकेल असं समजलं," मी म्हणालो.

"वजन किती?"

"जी?"

"तुझं रे. माळ्यावर झोपायचंय. फळी गेल्या महिन्यातच नवी टाकलीय, पण सुतार जुना होता. म्हणून विचारलं."

मी वजन सांगितलं. त्यांनी मला खालपासून वरपर्यंत पाहिलं.

"शिकलास काय?"

"बी.कॉम. आहे. प्रथम श्रेणीत."

"मग डोकं सांभाळून चढ, ग्रॅज्युएट. वासा खाली आहे. नाहीतर एवढं शिकलेलं सगळं सांडायचं."

त्या दिवसापासून मी त्या घरात ग्रॅज्युएट झालो. माझं खरं नाव त्यांना ठाऊक होतं. पण ते फक्त कुरिअरवाल्यासमोर वापरलं जाई.

सिस्टर म्हणजे नर्स. परळच्या एका मोठ्या इस्पितळात त्यांनी आयुष्यभर नोकरी केली, शेवटी वॉर्ड सिस्टर म्हणून निवृत्त झाल्या. सबंध गल्ली त्यांना सिस्टरच म्हणे. मोटारसायकलची चाकं बांधण्याचं काम खरं त्यांच्या नवऱ्याचं, अण्णा परबांचं. घराची बाहेरची खोली म्हणजे त्यांचं वर्कशॉप. नवीन लग्न झालं तेव्हा ड्युटीवरून आल्यावर नवऱ्याशी दोन शब्द बोलायचे तर त्याच्या समोर बसावं लागे. नुसतं बसून काय करायचं, म्हणून सिस्टर चाक धरू लागल्या. मग बांधू लागल्या. मी गेलो तेव्हा अण्णांना जाऊन वर्ष उलटलं होतं आणि धंदा एकट्या सिस्टर चालवत होत्या.

मोटारसायकलच्या चाकात मधोमध हब असतो, बाहेरून रिम असते आणि दोन्हींना धरून ठेवणारे स्पोक असतात, हे मला तिथेच समजलं. गाडी खड्ड्यात आपटली की रिम वाकते, स्पोक तुटतात. मग सगळं चाक सोडायचं आणि पुन्हा बांधायचं. बांधणं पुष्कळांना येतं. खरा प्रश्न त्याच्या आधीचा असतो: जुन्यातलं काय परत घालायचं आणि काय फेकायचं? सिस्टरांकडे या प्रश्नासाठी प्लास्टिकचे तीन टब होते. निळा टब ओपीडी. त्यातला माल घासूनपुसून लगेच घरी. पिवळा टब ॲडमिट. त्याचे आटे पाडायचे, बेअरिंग बदलायचं, मग डिस्चार्ज. लाल टब शवागार.

आता खरं सांगायचं तर निळा टब बहुधा रिकामाच असे. सिस्टर त्यात कांदे ठेवत.

त्यांचं निदान ऐकण्यासारखं असे. स्पोक जिथे हबमध्ये अडकतो तिथे त्याला बाक असतो. त्या बाकाला त्या मान म्हणत. "हा बघ, मान लचकलीय. उद्या नाहीतर परवा जाणार. नातेवाईकांना कळवा." नातेवाईक म्हणजे गिऱ्हाईक. गिऱ्हाईक आत डोकावलं की त्या चमचा दाराकडे रोखत. "नातेवाईकांनी बाहेर थांबा. गर्दी करू नका. पेशंटला हवा लागू द्या."

हबची परीक्षा वेगळी. हबला बारीक चीर गेली असेल तर डोळ्याला दिसत नाही. मोरीखाली त्यांची रॉकेलची बाटली असे. हब रॉकेलनं पुसायचा, फडक्यानं कोरडा करायचा आणि वरून पावडर भुरभुरायची, तीच, अंगाला लावायची. चीर असली तर तिच्यात शिरलेलं रॉकेल हळूहळू बाहेर येतं आणि पावडरीवर ओली रेघ उमटते. रेघ दिसली की सिस्टरांचा चेहरा उजळे. "आली बघ, आली! मला वाटलंच!" इतका आनंद त्यांना दुसऱ्या कशानं झालेला मी पाहिला नाही.

एकदा एक तरुण आला. इस्त्रीचा शर्ट, हातात फार जुन्या मॉडेलची रिम, आणि ती त्यानं टॉवेलात गुंडाळून आणलेली.

"आंटी, प्लीज, सगळं ओरिजिनलच ठेवा. आजोबांची गाडी आहे. इमोशनल व्हॅल्यू आहे."

"आजोबा कुठे आहेत?"

"वारले."

"त्यांची कवळी आहे घरी?"

"काय?"

"दातांची कवळी रे. ती लावून जेवतोस काय तू? नाही ना? मग त्यांच्या रिमवर बसून मरायला कशाला निघालास?"

असं म्हणून त्यांनी हातोडीच्या एका टोल्यात रिमला असा पोचा पाडला की पुढची चर्चाच संपली. तो मुलगा रडवेला झाला. सिस्टरांनी त्याला चहा दिला, सोबत खारी दिली, आणि नवी रिम बसवल्यावर म्हणाल्या, "आता तुझ्या नातवाला सांग, इमोशनल व्हॅल्यू म्हणून."

देवाधर्माच्या बाबतीतही हीच तऱ्हा. मिरवणुकीत पुढे धावणारी एका मंडळाची मोटारसायकल होती. चाक कुठूनतरी वेल्डिंग मारून आणलेलं. सिस्टरांनी ते ठेवूनच घेतलं, परत देईनात. कार्यकर्ते हात जोडून उभे. "सिस्टर, द्या ना. आजचा दिवस जाईल. बाप्पा सांभाळून घेईल."

"बाप्पा विघ्नहर्ता आहे, वेल्डर नाही. नवीन रिम आणा, चाक न्या. आणि प्रसाद पाठवा. गेल्या वर्षीचा मोदक शिळा होता."

रिम आली. मोदकही आले, ताजे.

फेकण्याचा हा सोस चाकांपुरता नव्हता. कुकरची रिंग, माठाचा नळ, उशा, जे काही जुनं दिसेल ते शवागारात. माझ्या चपला मी गावच्या चांभाराकडून शिवून आणल्या होत्या. एका सकाळी आंघोळ करून येतो तो त्या लाल टबात, वाकड्या रिमांच्या खाली.

"सिस्टर, माझ्या चपला..."

"टाके बघितले मी. चिघळले होते."

मी कार्यालयात बूट घालून गेलो. संध्याकाळी माळ्याच्या शिडीशी नव्या चपला होत्या, माझ्याच मापाच्या. आभार मानायला गेलो की त्या टीव्हीचा आवाज वाढवत. माझ्या आईला मी फोनवर हे सांगितलं तेव्हा ती रडली. मग म्हणाली, "जुन्या मात्र परत मागून घे." मी मागितल्या नाहीत. तेवढी हिंमत नव्हती.

मशेरी मात्र जुनीच. रोज सकाळी त्या पाठमोऱ्या होऊन दातांना मशेरी लावत. आयुष्यभर इस्पितळात तंबाखूच्या रोग्यांना ओरडलेली बाई. मी एकदा नको तिथे पाहिलं. त्या म्हणाल्या, "औषध आहे. दातांचं. गप रव."

अण्णांचं नाव घरात निघे ते भांडणातच. म्हणजे अण्णा नव्हते, तरी भांडण चालू होतं. अण्णांचा स्वभाव बरोबर उलटा. ते काही फेकत नसत. प्रत्येक स्पोक, स्पोक आवळायचं प्रत्येक निपल उजेडाकडे धरून म्हणायचे, "अजून जाईल." बिस्किटांचे डबेच्या डबे त्यांनी जुन्या मालानं भरून ठेवले होते. नवरा-बायकोचं सगळं आयुष्य या एका वादात गेलं. दोघं एकाच चाकाच्या दोन बाजूंना बसत. ती फेके, तो उचले.

मग अण्णांच्या हृदयाचा वॉल्व बिघडला.

हे सिस्टर मला पहिल्यांदा सांगत होत्या तेव्हा त्यांच्या समोर बोंबील होते, साफ करायला घेतलेले. "माझ्याच इस्पितळात दाखवलं. डॉक्टर माझ्या हाताखाली शिकलेला पोरगा. बोलला, अण्णा, वॉल्व बदलूया. आमचा माणूस कसा बोलतो? विचार ना."

"काय म्हणाले?"

"अजून जाईल." त्यांनी एका बोंबलाचं डोकं उडवलं. "गेला की मग. पुढची दिवाळी नाही बघितली मेल्यानं. मी नर्स. रोज चार लोकांना सह्या करायला लावायची ऑपरेशनच्या कागदावर. घरच्या एकाला नाही लावू शकले."

मी आ वासून त्यांच्याकडे बघत होतो. सिस्टरांनी माझ्याकडे पाहिलं. "तोंड बंद कर, ग्रॅज्युएट. माशी जाईल."

त्यांची मुलगी तेजू, गुरांची डॉक्टर. दापोलीला नोकरी करत होती. तिला कुडाळजवळच्या दवाखान्यात नवी नेमणूक मिळाली. सोमवारी हजर व्हायचं होतं. गावोगाव फिरून गाई-म्हशी तपासायच्या, म्हणून गाडी हवी. तिनं ठरवलं होतं: बाबांची मोटारसायकल न्यायची, आणि इथूनच चालवत न्यायची. आठवडाभर आधी ती मुंबईला आली, गाडी बाहेर काढली आणि सरावाला म्हणून शिवडीकडे गेली. तिकडे कंटेनरच्या रस्त्यावर एका खड्ड्यात पुढचं चाक असं बसलं की रिम लंबगोल झाली. गाडी टेम्पोतून घरी आली.

ते पुढचं चाक अण्णांनी स्वतःच्या हातानं बांधलेलं होतं. हब पहिल्यापासूनचा.

सिस्टरांनी चाक सोडलं. रिम शवागारात, स्पोक शवागारात. त्याबद्दल कोणाचं काही म्हणणं नव्हतं. मग त्यांनी हब हातात घेतला.

"आई, हब बाबांचाच ठेव," तेजू म्हणाली.

"बाबांचा वॉल्वसुद्धा बाबांचाच ठेवला होता."

"आई, हे काय बोलणं झालं?"

"खड्डे बघितलेस त्या हायवेचे? म्हशीसुद्धा विचार करून पाय टाकतात. आणि तू एकटी जाणार. नवीन घालायचा."

"बघ तरी एकदा त्याच्याकडे!"

"बघितला."

त्यांनी बघितला नव्हता. मी तिथेच शिडीवर बसलो होतो. रॉकेलची बाटली त्या दिवशी मोरीखालून बाहेर आलीच नाही. ज्या बाईनं दुसऱ्याच्या हबची रेघ बघितल्याशिवाय कधी निकाल दिला नाही, तिनं नवऱ्याचा हब तसाच लाल टबात टाकला. आवाज मोठा झाला. तेजू उठून गॅलरीत गेली. दुसऱ्या दिवशी भंगारवाले इस्माईलभाई नेहमीप्रमाणे हातगाडी घेऊन आले आणि टब रिकामा करून गेले.

नवा हब आला, खोक्यातला, पिशवीतला, चकचकीत. इतक्या जुन्या मॉडेलचा कंपनीचा माल आता मिळत नाही. हा कुठल्यातरी कारखान्यातला होता. शनिवारी सकाळी सिस्टर चाक बांधायला बसल्या. स्पोक ओवले, चाक स्टँडवर चढवलं, फिरवून फिरवून आउट, म्हणजे रिमची डगमग, काढला आणि मग एकेक निपल आवळायला घेतलं. चमचा वाजवत होत्या. स्पोकचा आवाज वर चढत होता. तेजू बॅग भरत होती.

टक् असा आवाज झाला. लहानसाच.

सिस्टरांनी चाक थांबवलं. हबच्या कडेचा, स्पोक अडकवतात तिथला, तुकडाच निघाला होता. आतलं ओतकाम शिळ्या पावासारखं भोकाभोकाचं. अजून रस्त्यावर गेलंही नव्हतं ते चाक.

टीव्हीवर सासू काहीतरी कारस्थान करत होती. त्या दिवशी तिला एकही शिवी पडली नाही.

"आई," तेजू म्हणाली, "दुसरा आणायला आता वेळ नाही. दादरला एक जण आहे, मी त्याच्याकडे चाक नेते. तो काहीतरी घालून देईल. पण उद्या सकाळी मी निघणार."

"काहीतरी?" सिस्टर उठल्या. "माझ्या पोरीच्या चाकात काहीतरी? ग्रॅज्युएट, रॉकेलची बाटली घे. आणि पावडरचा डबा. चल."

इस्माईलभाईंचं गोदाम दोन गल्ल्या सोडून. ते पाठीशी उशी घेऊन बसले होते. सिस्टरांना बघून उठले.

"आओ सिस्टर. आज खुद आये? बॉडी किधर है?"

"तो हब. परवाचा. कापला काय?"

इस्माईलभाईंनी उशीमागे हात घालून हब काढला आणि पुसून समोर ठेवला. "काटने को जी नहीं किया. अण्णा का था ना? पहचानता मैं. उसने मेरे पास बैठके कितना माल छाँटा. और ये मेरे को मरा हुआ लगा नहीं, सिस्टर."

सिस्टर तिथेच बाकड्यावर बसल्या. रॉकेलनं हब पुसला. कोरडा केला. पावडर टाकली. आम्ही तिघं वाकून बघत राहिलो. पावडर पांढरीच्या पांढरी. त्यांनी पुसून पुन्हा केलं. पांढरीच. मग दुसरी बाजू. मग पुन्हा पहिली.

"कितना पोस्टमॉर्टम करोगी?" इस्माईलभाई म्हणाले. "पेशंट उठके चाय माँग रहा है."

"गप रे." त्यांनी स्पोकची भोकं एकेक करून बोटानं चाचपली, बेअरिंगची बैठक बघितली. मग हब पदरात घ्यावा तसा ॲप्रनमध्ये घेतला. "देते तुला काय ते. नेते मी."

"पैसा नहीं चाहिये. मगर रिवाज तो रिवाज है." इस्माईलभाई गंभीर झाले. त्यांच्याकडची पद्धत साऱ्या लालबागेला ठाऊक होती. भंगारातून माल परत न्यायचा असेल तर नेणाऱ्यानं आपल्या तोंडानं म्हणायचं की माल चांगला आहे. म्हणजे मग उद्या तक्रार नको. "बोलो. माल कैसा है?"

"तुला दिसत नाही काय?"

"मेरे को दिखता है. तुम बोलो."

सिस्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे पाहिलं. तीस-पस्तीस वर्षांच्या संसारात नवऱ्यानं उचललेल्या एकाही वस्तूला त्या जे म्हणाल्या नव्हत्या, ते आता भंगाराच्या ढिगात बसून म्हणायचं होतं.

"ठीक आहे," त्या म्हणाल्या.

"ठीक नहीं चलता."

"अरे बरा आहे!"

"सिस्टर."

त्यांनी ॲप्रनचं टोक बाजूला केलं आणि हबकडे पाहिलं. पावडर अजून त्याच्या कडेला होती. ती त्यांनी अंगठ्यानं पुसली.

"चांगला आहे," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "चांगला आहे रे. उगाच टाकला मी."

इस्माईलभाईंनी मान हलवली आणि चहा मागवला. सिस्टरांनी तो घेतला नाही. बाहेर आल्यावर मला म्हणाल्या, "हा हब चांगला निघाला म्हणून वॉल्वच्या बाबतीत तो बरोबर होता असं नाही. लक्षात ठेव."

"हो," मी म्हणालो.

"गाढवच होता."

"हो."

"तू कशाला हो म्हणतोस? तुझा नवरा होता काय?"

दुपारभर बसून त्यांनी चाक बांधलं. हब जुना, रिम नवी, स्पोक नवे. अण्णांच्या डब्यातले जुने स्पोक तेजूनं पुढे केले तर हातावर चापट बसली. "एवढं पण लाडात यायचं नाही." संध्याकाळी चाक स्टँडवर फिरलं. मी कान देऊन ऐकलं. मला काही समजलं नाही, पण सिस्टरांनी चमचा धुऊन ठेवला.

रविवारी सकाळी गल्ली जमली होती. तेजूनं गाडी चालू केली. सिस्टर आतून आल्या त्या पंजाबी ड्रेसमध्ये. खांद्याला पिशवी, हातात हेल्मेट. अंबाड्यावर हेल्मेट बसेना. त्यांनी सगळ्यांसमोर अंबाडा सोडला. करडे केस कमरेपर्यंत आले. त्या बाईंना एवढे केस आहेत हे गल्लीला पहिल्यांदाच कळलं.

"आई, तू कुठे?"

"कुडाळ."

"या गाडीवरून? तुझी कंबर? आई, एवढं लांब..."

"चाक मी बांधलंय. पडायचं असेल तर माझ्यासकट पडेल." त्यांनी माझ्या खांद्याचा आधार घेऊन पाय पलीकडे टाकला. सगळी गाडी खाली बसली. "ग्रॅज्युएट, गॅस बंद केलाय बघ. मालिका बघून ठेव, काय झालं ते मला फोनवर सांगायचं."

त्या परत येण्याआधीच माझी बदली सोलापूरला झाली. आता आमचं बोलणं फोनवर होतं. त्या तिकडेच जास्त असतात आणि तेजूच्या दवाखान्यात गुरांच्या मालकांना बाहेर थांबायला सांगतात. पण मी त्यांना अखेरचं पाहिलं ते त्या सकाळी.

मी मागोमाग नाक्यापर्यंत चालत गेलो होतो. उड्डाणपुलाखाली लाल सिग्नल होता. तेजू सरळ बसली होती. मागे सिस्टर एका हातानं तिचा खांदा धरून, पार एका बाजूला कलून, पुढच्या चाकाकडे बघत होत्या.

"आई, नीट बस! गाडी वाकडी होतेय!"

सिग्नल सुटला. गाडी निघाली. त्या नीट बसल्या नाहीत.